हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : आगगाडी ‘दिली’ कोणी आणि पैसे भरले कोणी?

#थ्रेड #इतिहास #आगगाडी

दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की समाजमाध्यमांवर तेच एक चित्र फिरू लागते. बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेली पहिली आगगाडी, चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि पुढे जोडलेली तीन इंजिने : ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’. चित्राखाली ठरलेले वाक्य असते. ‘इंग्रजांनी काही केले नसेल, पण रेल्वे तरी दिली.’

चित्रातील तपशील बहुतांशी बरोबर आहेत. १८५३ च्या त्या शनिवारी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी गाडी सुटली आणि सुमारे ३४ किलोमीटरचे अंतर तिने ५७ मिनिटांत कापले. वाटेत इंजिनांना पाणी पाजण्यासाठी ती शीवला थांबली होती. ज्याच्या राज्यात हा समारंभ झाला तो गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र आदल्या दिवशीच थंड हवेसाठी डोंगरावर निघून गेला होता. त्याचे बँडपथक तेवढे हजर होते. चूक या तपशिलांत नाही, वाक्याच्या शेवटच्या क्रियापदात आहे. ‘दिली’ हा शब्द इथे बसत नाही, कारण ज्याला ती दिली असे म्हणतात त्यानेच तिचे पैसे भरले होते.

या वाक्याला उत्तर म्हणून एक दुसरे वाक्यही फिरते : ‘रेल्वे इंग्रजांनी नव्हे, नाना शंकरशेट यांनी आणली.’ भावना समजण्यासारखी आहे, पण इतिहास एवढा सोपा नाही. नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८४० च्या दशकात मुंबईत रेल्वेसाठी धडपड केली, सभा घेतल्या, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, म्हणजे जीआयपीच्या, मुंबईतील समितीत ते बसले. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु कंपनी लंडनची, निर्णय लंडनचे, भागधारक मुख्यतः इंग्लंडचे. नानांना रेल्वेचा जनक ठरवून टाकले की खरा प्रश्न बाजूला पडतो. तो प्रश्न हिशेबाचा आहे.

हिशेबाआधी ‘पहिले’ या शब्दाचीही झाडाझडती घ्यायला हवी. भारताच्या भूमीवर धावलेली पहिली वाफेची इंजिने म्हणून ‘साहिब’, ‘सिंध’, ‘सुलतान’ यांची नावे घेणे साफ चूक आहे. त्यांच्या आधी, २२ डिसेंबर १८५१ रोजी, रुडकी येथे ‘थॉमसन’ नावाचे इंजिन कामाला लागले होते. वायव्य प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन याचे ते नाव. गंगेच्या कालव्यासाठी सोलानी नदीवर भव्य जलसेतू बांधला जात होता आणि त्याच्या भरावाची माती वाहून नेणाऱ्या वाघिणी ओढणे हे या इंजिनाचे काम. कोलकात्याहून रुडकीपर्यंत तेव्हा एक मैलभरही रेल्वे नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे ते यंत्र तिथवर पोहोचले हेच नवल वाटावे.

१८३७-३८ च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा हाती घेतला गेला. म्हणजे या देशात इतक्या लवकर आलेल्या एका वाफेच्या इंजिनाने ना पाहुणे वाहिले ना कापूस. त्याने शेतीच्या पाण्यासाठी माती वाहिली. त्याच्यासाठी तोफा झडल्या नाहीत आणि त्याच्या नावाचा दिनविशेषही होत नाही. मुंबईतही ठाण्याच्या गाडीआधी, १८५२ मध्ये, भायखळ्याच्या बाजूला ‘फॉकलंड’ नावाचे छोटे इंजिन बांधकामाच्या वाघिणी इकडून तिकडे हलवीत होते. १६ एप्रिलचे खरे महत्त्व सार्वजनिक प्रवासी वाहतुकीच्या आरंभाचे आहे. ते मोठेच आहे. त्याला ‘पहिले इंजिन’ ही खोटी झालर लावण्याची गरज नाही.

आता ती तीन इंजिने. लँकेशायरमधील न्यूटन-ली-विलोज या गावी व्हल्कन फाउंड्री नावाचा कारखाना होता. जीआयपीने त्याच्याकडून आठ इंजिने मागविली. पुढे दोन लहान चाके आणि मागे एकमेकांना दांड्यांनी जोडलेली चार मोठी चाके, अशी त्यांची रचना. ती जहाजांतून मुंबईला आली. त्यांच्यासाठी लागणारा कोळसाही आरंभीच्या काळात इंग्लंडहूनच येई. रूळ तिकडचे, अभियंते तिकडचे, इंजिन हाकणारे ड्रायव्हरही तिकडून करारावर आणलेले. इथला होता तो भराव घालणारा मजूर, इथली होती ती जमीन, आणि इथलाच होता तो महसूल ज्याच्या जिवावर हा सारा व्यवहार उभा राहिला.

हा महसुलाचा भाग शाळेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. वास्तविक सगळी गोष्ट तिथेच आहे.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि जीआयपी यांच्यात करार झाला. रेल्वे कंपनीने पाच लाख पौंडांचे भांडवल उभारायचे आणि मुंबईपासून एक प्रायोगिक मार्ग बांधायचा. त्या बदल्यात भांडवलावर दरसाल पाच टक्के व्याजाची हमी. जमीन ९९ वर्षांसाठी फुकट. रेल्वेला शेकडा दोन उत्पन्न झाले, तर उरलेले तीन सरकारने भरायचे. काहीच झाले नाही, तर पाचही सरकारने भरायचे. सरकारने म्हणजे कोणी? सातारा, पुणे, खानदेश, बंगाल, मद्रास इथल्या शेतसाऱ्याने आणि मिठावरील कराने. लंडनच्या भागधारकाने पैसे गुंतविले हे खरे. पण बुडण्याची भीती त्याला नव्हती. ती भीती ज्याच्या डोक्यावर ठेवली, त्या रयतेला करार झाल्याचे ठाऊकही नव्हते.

एवढ्यावर संपले नाही. नफा पाच टक्क्यांवर गेला तर जादा नफ्यात कंपनीचा वाटा राहणार. उलट धंदा परवडेनासा झाला, तर सहा महिन्यांची सूचना देऊन कंपनीने सारा मार्ग सरकारच्या गळ्यात घालायचा आणि आपले भांडवल परत घ्यायचे. छापा पडला तर कंपनी जिंकली, काटा पडला तर रयत हरली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर म्हणवून घेण्याची म्हण आपल्याकडे जुनी आहे. इथे तर तुळशीपत्र ठेवणाऱ्याने घराचे भाडेही वसूल केले.

हमीचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. खर्च कमी करण्यात कोणालाच रस उरला नाही. भांडवलाच्या प्रत्येक पौंडावर व्याज ठरलेले असेल, तर तो पौंड वाचविण्याचे कारण काय? हे म्हणणे नंतरच्या राष्ट्रवादी लेखकांचे आहे असे कोणाला वाटेल. विल्यम मॅसी हा भारत सरकारचा अर्थसदस्य राहिलेला इंग्रज गृहस्थ. १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना त्याने सांगितले की, इंग्रज भांडवलदाराला भारताच्या महसुलातून पाच टक्के मिळत राहिले म्हणजे झाले. मग त्याचा पैसा हुगळी नदीत फेकला जातो की त्याच्या विटा-चुना होतो, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. रेल्वेखाते एकूणात नफ्यात यायला एकोणिसावे शतक संपत आले. तोवर दरवर्षीचा खड्डा इथल्या तिजोरीने भरला.

‘खाजगी कंपन्यांनी धोका पत्करून रेल्वे बांधली’ हा युक्तिवाद यापुढे कोणी केला, तर त्याला १८४९ च्या कराराची तारीख विचारावी.

मग हा खटाटोप कशासाठी होता? इंग्रजांनी ते लपविले नव्हते. ठाण्याची गाडी १६ एप्रिलला धावली आणि बरोबर चार दिवसांनी, २० एप्रिल १८५३ रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने रेल्वेविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले. महिने लागतात तिथे सैन्य दिवसांत पोहोचेल, हा त्यातील एक मुद्दा. इंग्लंडला हवा असलेला कापूस बंदरापर्यंत येईल आणि इंग्लंडचा माल देशाच्या आत दूरवर जाईल, हा दुसरा. जीआयपीचा प्रवर्तक जॉन चॅपमन याने तर १८५१ मध्ये भारताचा कापूस आणि व्यापार या विषयावर ग्रंथच लिहिला होता. बोरीबंदरहून निघालेला रूळ घाट चढून खानदेश-वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे गेला आणि १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, तो नकाशावरची सुंदर रेघ म्हणून नव्हे. त्या रेघेच्या एका टोकाला कपाशी होती, दुसऱ्या टोकाला गोदी.

इंजिनांच्या नावांकडेही जाता जाता पाहावे. ‘साहिब’ कोण, हे सांगायला नको. ‘सिंध’ हा प्रांत चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये, म्हणजे दहाच वर्षांपूर्वी, तलवारीने घेतलेला आणि मुंबई इलाख्याला जोडलेला. नावांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण ज्यांना ती नावे गोड वाटतात, त्यांनी निदान सिंधचा सनावळीतला धडा एकदा वाचावा.

इथे वाचक म्हणेल : हेतू काहीही असो, पैसे कोणाचेही असोत, तंत्रज्ञान तर मिळाले ना? बिनबैलाच्या गाडीचे कौतुक करणारे आणि ती साहेबाच्या अकलेची करामत मानणारे लोकगीतही आपल्याकडे आहेच. हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर सर्वांत कडू आहे.

तंत्रज्ञान मिळणे म्हणजे यंत्र वापरता येणे, की यंत्र बनविता येणे? १८५३ मध्येच, ऑगस्ट महिन्यात, कार्ल मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये भाकीत केले की, लोखंड आणि कोळसा असलेल्या देशात एकदा रेल्वे शिरली की तिथे यंत्रे बनण्याचे थांबविता येणार नाही, रेल्वे हीच भारतातील आधुनिक उद्योगाची नांदी ठरेल. इंग्रजी राज्याचा तो कठोर टीकाकार होता, तरी या बाबतीत त्याने त्या राज्याच्या चिकाटीला कमी लेखले. थांबविता येत होते. जवळजवळ एक शतक थांबवून दाखविले गेले.

या ठिकाणी जपानकडे वळणे भाग आहे, आणि तेही व्हल्कन फाउंड्रीमुळेच. जपानची पहिली रेल्वे १८७२ मध्ये शिम्बाशी ते योकोहामा धावली. तिचे ‘क्रमांक १’चे इंजिन कुठले? १८७१ मध्ये त्याच न्यूटन-ली-विलोजच्या, त्याच व्हल्कन फाउंड्रीत बनलेले. ठाण्याच्या गाडीची इंजिने जिथे घडली, तिथेच जपानचेही घडले. दोन्ही देशांचा आरंभ एका कारखान्यातून आयात केलेल्या यंत्राने झाला. भारताचा १९ वर्षे आधी.

पुढे काय झाले ते पाहा. जपानमध्ये देशात बनलेले पहिले इंजिन १८९३ मध्ये कोबेच्या कारखान्यातून बाहेर पडले, तेही एका इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली. भारतात १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात मीटरगेजचे इंजिन बनले, एफ-७३४. १८९९ मध्ये जमालपूरच्या कारखान्याने ‘लेडी कर्झन’ हे ब्रॉडगेजचे इंजिन तयार केले. म्हणजे १८९५ च्या सुमारास दोन्ही देश जवळपास एकाच पायरीवर उभे होते. हात होते, भट्ट्या होत्या, कौशल्य होते. जमालपूरने १८९९ ते १९२३ या काळात २१६ इंजिने बांधली. ‘भारतीयांना जमलेच नसते’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

फरक त्यानंतर पडला. जपानने १९१० नंतरच्या वर्षांत परदेशी इंजिनांवर जकात वाढविली, मागणी देशी कारखान्यांकडे वळविली आणि आयात जवळपास बंद केली. त्यांना तसे करता आले, कारण जकात ठरविणारे सरकार त्यांचे होते. भारताच्या रेल्वे कंपन्यांची संचालक मंडळे लंडनमध्ये बसत, त्यांचे सल्लागार अभियंते लंडनचे आणि इंजिनांचे कारखानदार ग्लासगो, मँचेस्टर, लीड्सचे. १९४० च्या सुमारापर्यंत ब्रिटनने भारताला चौदा हजारांहून अधिक इंजिने विकली. त्याच काळात भारतात बनली ती सातशेच्या आसपास. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे घालविण्याइतके ते कारखानदार भोळे नव्हते.

यात योगायोग होता असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी पेनिन्सुला लोकोमोटिव्ह कंपनीची कहाणी आहे. पहिल्या महायुद्धात आयात अडखळली, तेव्हा सरकारला देशी कारखान्यांची आठवण झाली. इंजिनांची मागणी देशातच नोंदविण्याची तयारी सरकारने दाखविली आणि त्या भरवशावर १९२१ मध्ये जमशेदपूरजवळ ही कंपनी उभी राहिली. कारखान्याच्या इमारती झाल्या. युद्ध संपले होते, ब्रिटिश कारखाने पुन्हा रिकामे होते, आणि मागणीपत्रे मात्र आली नाहीत. प्रकरण टॅरिफ बोर्डाकडे गेले. १९२४ मध्ये निष्कर्ष निघाला की, संरक्षण देण्याजोगी पुरेशी मागणी देशात नाही. ज्या देशाने तोवर हजारो इंजिने बाहेरून आणली होती, त्या देशाबद्दलचा हा निष्कर्ष! एकही इंजिन न बांधता कंपनीचा कारखाना १९२७ मध्ये सरकारच्या ताब्यात गेला आणि तिथे डब्यांची कामे होऊ लागली.

गंमत अशी की, तीच जागा १९४५ मध्ये टाटांनी घेतली आणि तिथे ‘टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी’ म्हणजे टेल्को सुरू केली. आज जिला टाटा मोटर्स म्हणतात तिच्या जुन्या नावातला ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द अनेकांना कोड्यासारखा वाटतो; त्याचे मूळ हे आहे.

हे सारे स्वातंत्र्यानंतर सुचलेले शहाणपण नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात १८८४ मध्ये गणेश व्यंकटेश जोशी यांनी खुला व्यापार आणि रेल्वेचा विस्तार यांच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली. (हे जोशी म्हणजे ‘सार्वजनिक काका’ नव्हेत, ते गणेश वासुदेव. घोळ नेहमी होतो.) पेशाने शिक्षक असलेल्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या परिवारातील या माणसाने सरकारच्याच अहवालांतील आकडे मांडून दाखविले की, रेल्वेवरचा खर्च म्हणजे भारतीय रयतेने ब्रिटिश उद्योगांना दिलेले अनुदान आहे. रेल्वे नको, असे जोशी किंवा रानडे म्हणत नव्हते. रेल्वेवर होणाऱ्या खर्चातून कारखानदारी इथे का उभी राहत नाही, हा त्यांचा सवाल होता. आज ‘रेल्वे दिली’ म्हणून आभार मानणारा मराठी तरुण नकळत त्यांच्या मागे उभा आहे, पुढे नाही.

रेल्वेने काहीच भले केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत पहिल्या वर्षांपासून जी गर्दी लोटली ती कोणी बळेने आणलेली नव्हती. मालाची वाहतूक स्वस्त झाली, बाजारभावांतील प्रांताप्रांतांचा फरक कमी झाला, पंढरीचा वारकरी आणि गिरणीत निघालेला कोकणी-घाटी माणूस दोघेही तिच्यात बसले. १८७६-७८ च्या दुष्काळात तिने दख्खनमध्ये धान्य आणले, हे खरे. त्याच वर्षांत देशाबाहेर धान्य जात राहिले आणि तेही याच रुळांवरून बंदराला पोहोचले, हेही खरे. उपयोग झाला म्हणून ती भेट ठरत नाही. बाजारातून विकत आणलेले पातेलेही रोज उपयोगी पडतेच. त्यासाठी दुकानदाराचे जन्मभर ऋण मानायची चाल कुठेही नाही, विशेषतः त्याने किंमत दुप्पट लावली असेल आणि भांडी घडविण्याचा धंदा गिऱ्हाइकाला करू दिला नसेल तर.

आणि हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही. वाफेच्या इंजिनाचा कारखाना म्हणजे ओतकाम, अचूक खराद, बाष्पपात्रांचे पोलाद, मापनाची शिस्त आणि या सगळ्यात मुरलेले हजारो कारागीर. जपानने इंजिने बनविता बनविता जहाजे, यंत्रे, मोटारी बनविणारी माणसे घडविली. आपल्याकडे भायखळा आणि परळच्या कारखान्यांत पिढ्यान्पिढ्या फिटर आणि लोहार उत्तम दुरुस्ती करीत राहिले. मोडलेले इंजिन ते पुन्हा उभे करीत. नवे इंजिन रेखाटण्याच्या टेबलाशी त्यांना कोणी बसविले नाही. मेलगाड्यांच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून उभे राहण्यासाठीसुद्धा भारतीय माणसाला दशकानुदशके थांबावे लागले; तोवर त्याचे स्थान बंबात कोळसा टाकण्याचे.

जपानचे ते ‘क्रमांक १’चे इंजिन आज साइतामाच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्याच्या मायदेशी, व्हल्कन फाउंड्रीत, भारतासाठी इंजिने बनविण्याचे काम विसाव्या शतकातही चालूच होते. भारतात स्वतःच्या सरकारने बांधलेला इंजिनांचा कारखाना पश्चिम बंगालमध्ये चित्तरंजन येथे उभा राहिला तो १९५० मध्ये. त्याचे पहिले वाफेचे इंजिन १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते देशाला अर्पण झाले. नाव होते ‘देशबंधू’. बोरीबंदरच्या तोफांना तोवर ९७ वर्षे होऊन गेली होती.